निखारा आणि राख : तंतुसंमिश्रांचे उच्च तापमानातील ऑक्सिडीकरणापासून संरक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या चंदगड तालुक्यात जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. पूर्वेस बेळगावचा मुलूख आणि पश्चिमेस घाट उतरताच कोकण, अशा या प्रदेशात पाऊस मोठा पडतो. या पावसाने लक्षावधी वर्षे मूळ काळ्या पाषाणातील सिलिका व क्षार धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे मागे ठेवली. लोहाचा अंश अधिक राहिला तेथे तांबडा जांभा झाला, ॲल्युमिनियमचा अंश अधिक राहिला तेथे बॉक्साइट झाले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता जांभा हा ऑक्सिडीकरणाची क्रिया पूर्ण होऊन गेलेला पदार्थ होय. त्याचे जे जळावयाचे होते ते जळून गेले आहे. म्हणूनच चुलीच्या किंवा भट्टीच्या आगीत तो पुन्हा पेट घेत नाही.

याच मुलखातील दुसरी एक वस्तू याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. ती म्हणजे लाकडी कोळसा. सह्याद्रीच्या रानांत पूर्वी लाकडांचा ढीग मातीने लिंपून, हवा कोंडून कोळसा पाडीत असत. हवा नसेल तर कोळसा कितीही तापला तरी टिकतो, आणि हवा मिळताच त्याची मूठभर राख होते. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. हवेवाचून अजिंक्य आणि हवेत असहाय, असा हा या मूलद्रव्याचा दुहेरी स्वभाव आहे.

आधुनिक अभियांत्रिकीतील एक कठीण प्रश्न या दोन वस्तूंच्या दरम्यान उभा आहे. अग्निबाणांची नोझले, अवकाशातून परतणाऱ्या यानांची नासिका, विमानांच्या ब्रेकांच्या तबकड्या आणि जेट इंजिनांतील तप्त भाग यांसाठी जे पदार्थ आज वापरले जातात, त्यांतील पुष्कळसे कार्बनाच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडाच्या तंतूंनी बळकट केलेले असतात. उष्णता ते सहज सोसतात. त्यांना सोसत नाही तो हवेतील ऑक्सिजन. तेव्हा ज्या पदार्थाची निवड त्याच्या उष्णता सोसण्याच्या गुणासाठी केली, त्यालाच उष्णतेत हवेपासून वाचवावयाचे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. संमिश्राची घडण

दोन किंवा अधिक पदार्थ आपापले पृथक् अस्तित्व राखून एकत्र नांदतात आणि त्यांच्या एकत्र येण्याने एकेकट्यात नसलेला गुण उत्पन्न होतो, तेव्हा त्या रचनेस संमिश्र असे म्हणतात. शेणमातीच्या गिलाव्यात भाताचे तूस किंवा काड घालण्याची रीत खेड्यापाड्यांत सर्वपरिचित आहे. वाळलेली माती एकाच तड्याने दुभंगते. काड मिसळलेल्या मातीत मात तड्याला प्रत्येक काडी ओलांडावी लागते, आणि तो वाटेतच थांबतो. अभियांत्रिकीतील तंतुसंमिश्राचे तत्त्व हेच होय. भार वाहतात ते तंतू. तंतूंना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या द्रव्यास येथे आधारद्रव्य असे म्हटले आहे.

आधारद्रव्य राळेचे असेल तर संमिश्र काहीशे अंश सेल्सिअसपलीकडे टिकत नाही. त्याहून अधिक तापमानासाठी तंतूही कार्बनाचे आणि आधारद्रव्यही कार्बनाचेच, असे कार्बन-कार्बन संमिश्र बनवितात. अमेरिकेच्या अवकाशविमानासाठी बनविलेल्या अशा संमिश्राची कृती बोधप्रद आहे. रेयॉनचे कापड प्रथम कार्बनात रूपांतरित करीत, त्यावर फिनॉलिक राळ चढवून थरांवर थर दाबीत आणि हवेवाचून तापवून राळेचाही कोळसा करीत. राळेतील इतर घटक वायुरूपाने निघून गेल्यावर जी छिद्रे उरत, त्यांत फरफ्युरिल अल्कोहोल मुरवून ते पुन्हा तापवीत, आणि हा क्रम अनेकदा करीत. रेयॉन हे लाकडाच्या लगद्यापासून मिळते; फरफ्युरिल अल्कोहोलचे मूळ द्रव्य मक्याच्या बुरकुंडांपासून किंवा उसाच्या चिपाडापासून काढतात. अर्थात अवकाशातून परतणाऱ्या यानाची नासिका हा सुद्धा वनस्पतीपासून हवा कोंडून पाडलेला एक प्रकारचा कोळसाच होता. फरक होता तो रचनेचा.

निष्क्रिय वायूत अथवा निर्वातात हे संमिश्र २,००० अंशांच्या वरही आपले बळ टिकवून धरते. इतक्या तापमानात लोखंड, निकेल व कोबाल्ट यांच्या सर्व मिश्रधातू वितळून गेलेल्या असतात. हवेत मात्र सुमारे ४०० ते ५०० अंशांपासूनच त्याचा क्षय सुरू होतो. एका बाजूस २,००० आणि दुसऱ्या बाजूस ५००, या दोन आकड्यांतील अंतर भरून काढणे हेच संरक्षणशास्त्राचे काम होय.

३. क्षयाचे तीन प्रकार

कार्बनाचे ऑक्सिडीकरण एकाच रीतीने होत नाही. तापमानानुसार त्याचे तीन टप्पे पडतात, आणि ते नीट ओळखल्यावाचून संरक्षणाचा विचार करता येत नाही.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे तापमान कमी असताना, रासायनिक क्रिया मंद असते. ऑक्सिजन आत शिरण्याचा वेग तिच्या मानाने अधिक असतो. त्यामुळे ऑक्सिजन संमिश्राच्या छिद्राछिद्रांतून खोलवर पोचतो आणि सर्वत्र सावकाश कार्बन खातो. दुसऱ्या टप्प्यात क्रिया वेगवान होते, आणि छिद्रांतून होणारे वायूचे विसरण तिला पुरे पडत नाही. क्षय पृष्ठभागाजवळच्या भागात एकवटतो. तिसऱ्या टप्प्यात, अत्युच्च तापमानात, पृष्ठभागाशी पोचणारा ऑक्सिजनाचा प्रत्येक रेणू तत्काळ वापरला जातो. क्षय केवळ बाहेरून होतो, आणि त्याचा वेग वायूच्या प्रवाहावर अवलंबून राहतो.

सर्वसाधारण समज असा असतो की, तापमान जितके अधिक तितका धोका अधिक. वेगाच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु ओळखण्याच्या दृष्टीने पहिला टप्पाच अधिक घातक होय. तिसऱ्या टप्प्यात वस्तू बाहेरून झिजते, आणि ती झीज मोजता येते. पहिल्या टप्प्यात वस्तूचा आकार, जाडी व रूप जवळजवळ तसेच राहते आणि आतील बळ मात्र नाहीसे होते. तंतू आणि आधारद्रव्य यांच्या सांध्यावरील कार्बन सर्वांत आधी जळतो, आणि संमिश्राचे सारे बळ त्या सांध्यावरच अवलंबून असते. म्हणूनच वजनात शेकडा ५ इतकीही घट झाली नसताना बळाचा फार मोठा भाग गमावला जातो. वाळवीने पोखरलेल्या वाशाची जी स्थिती, तीच याची.

मराठीत या क्रियेच्या निरनिराळ्या गतींसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत. लोखंड गंजते, भाकरी करपते, भुसा धुमसतो, लाकूड जळते आणि दारू भडकते. शास्त्राच्या दृष्टीने या बहुतेक क्रियांत ऑक्सिजनाशी संयोग हीच मुख्य घटना आहे. परंतु भाषेने वेग व दृश्यता यांवरून त्यांत भेद केला आहे. कार्बन-कार्बन संमिश्राच्या पहिल्या टप्प्यातील क्षयास ‘जळणे’ म्हणण्यापेक्षा ‘धुमसणे’ म्हणणे अधिक यथार्थ होईल. कारण ज्वाळा दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच ती वेळेवर कोणाच्या ध्यानात येत नाही.

४. राखेचा दृष्टान्त

रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे आणि पहाटे राख बाजूस सारून त्याच विस्तवावर चूल पेटवावयाची, ही काड्यापेटी दुर्मिळ होती त्या काळातील घरोघरची रीत होती. उघडा निखारा थोड्या वेळात संपतो. राखेखालचा निखारा रात्रभर टिकतो. याचे कारण दुहेरी आहे. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि तिच्या बारीक कणांमधून ऑक्सिजन निखाऱ्यापर्यंत फार सावकाश पोचतो. क्रियेचा वेग निखाऱ्याच्या हाती न राहता राखेतून होणाऱ्या विसरणाच्या हाती जातो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. राख ही त्याच लाकडाच्या जळण्यातून उरलेली आहे. म्हणजे जळण्याचे फलितच पुढील जळण्याला आवर घालते. संस्कृत कोशांत ‘रक्षा’ या शब्दास संरक्षण आणि राख असे दोन्ही अर्थ दिलेले आढळतात. उच्च तापमानाच्या लेपशास्त्राचे मुख्य तत्त्व या एका शब्दात सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु राखेची एक दुसरीही बाजू आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, आणि पोटॅशियम हे कार्बनाच्या ऑक्सिडीकरणाचे प्रभावी उत्प्रेरक होय. विमानांच्या ब्रेकांच्या बाबतीत ही गोष्ट फार खर्चीक ठरली. थंड देशांत धावपट्टीवरील बर्फ वितळविण्यासाठी पोटॅशियम ॲसिटेट व पोटॅशियम फॉर्मेट यांचे द्राव वापरले जाऊ लागले. ते उडून कार्बनाच्या तबकड्यांत मुरत, आणि मग उतरताना ब्रेक तापले की ज्या तापमानात एरव्ही फारशी हानी झाली नसती त्याच तापमानात तबकड्या आतून झिजू लागत. यावर उपाय म्हणून तबकडीच्या न घासणाऱ्या भागांवर फॉस्फेटयुक्त लेप देतात. फॉस्फेट कार्बनाच्या पृष्ठभागावरील क्रियाशील जागा अडवून धरते. कार्बनाच्या पदार्थांत बोरॉनाची संयुगे आधीच मिसळून ठेवणे हाही त्याच जातीचा उपाय होय. हे उपाय क्षय मंद करतात; तो थांबवीत नाहीत. अधिक तापमानासाठी सलग लेपाचीच आवश्यकता असते.

५. लेप आणि त्याचे तडे

लेपासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा पदार्थ सिलिकॉन कार्बाइड हा होय. ऑक्सिजनाशी गाठ पडताच त्याच्या पृष्ठभागावर सिलिकेचा, म्हणजे काचेच्या मूळ द्रव्याचा, अतिशय पातळ थर जमतो. सिलिकेतून ऑक्सिजनाचे विसरण फार मंद असते. शिवाय सिलिकॉन कार्बाइडापासून सिलिका बनताना घन पदार्थाचे आकारमान दुपटीहून थोडे अधिक होते. त्यामुळे बारीक भेगा आपोआप भरून निघतात. सुमारे १,६५० अंशांपर्यंत हा थर उत्तम रक्षण करतो. राखेचे काम येथे सिलिका करते. लेप स्वतः किंचित जळतो, आणि त्या जळण्यानेच टिकतो.

असे असता प्रश्न सुटला असे का म्हणता येत नाही? याचे उत्तर औष्णिक प्रसरणात आहे. लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीवर जी केसासारखी बारीक रेघांची जाळी दिसते, तिचे कारण झिलई आणि खालची माती यांच्या आकुंचनातील फरक हेच असते. कार्बन-कार्बन संमिश्राच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. तंतूंच्या दिशेने या संमिश्राचे प्रसरण दर अंशास दशलक्षांश १ च्या आसपास असते. सिलिकॉन कार्बाइडाचे सुमारे दशलक्षांश ४.५ असते. लेप १,००० अंशांच्या वर चढवितात. वस्तू निवत असता लेपास अधिक आकुंचन पावावयाचे असते, आणि खालचे संमिश्र त्यास तसे करू देत नाही. १,००० अंशांच्या उतारात हा फरक १० सेंटिमीटर लांबीस सुमारे ०.३५ मिलिमीटर इतका होतो. सिलिकॉन कार्बाइडासारखा ठिसूळ पदार्थ याच्या निम्माही ताण सोसू शकत नाही. कल्हई लावलेल्या पितळी भांड्यात असे होत नाही, कारण कथील मऊ असते व ताणाबरोबर ते स्वतः लांबते. परंतु कथील २३२ अंशांवर वितळते. मऊपणा आणि उष्णता सोसणे हे दोन्ही गुण एकाच लेपात मिळत नाहीत, ही या शास्त्रातील मूलभूत अडचण होय.

म्हणून लेपाला तडे जाणे हा कारागिरीचा दोष नव्हे. तो या दोन पदार्थांच्या स्वभावाचा अटळ परिणाम आहे. यातून एक चमत्कारिक वाटणारी परंतु पूर्णतः तर्कशुद्ध अशी स्थिती निर्माण होते. वस्तू पुन्हा तापू लागली, आणि तापमान लेप चढविण्याच्या मूळ तापमानाजवळ आले, म्हणजे तडे मिटतात. सिलिकाही तेथे जलद बनते. अत्युच्च तापमानात वस्तू सुरक्षित असते. थंड असताना तर क्रियाच होत नाही, म्हणून तेव्हाही ती सुरक्षित असते. धोका असतो तो मधल्या पट्ट्यात, सुमारे ५०० ते १,००० अंशांच्या दरम्यान. तेथे तडे उघडे असतात, कार्बन जळण्याइतका तापलेला असतो, आणि सिलिका मात्र ते बुजविण्याइतक्या वेगाने बनत नाही. प्रत्येक वस्तूस तापताना एकदा व निवताना एकदा या पट्ट्यातून जावेच लागते.

६. तडे बुजविणारी काच

या मधल्या पट्ट्यासाठी बोरॉनाची योजना करतात. बोरॉन कार्बाइड किंवा बोरॉनाचे दुसरे एखादे संयुग लेपाखाली किंवा लेपाच्या थरांमध्ये ठेवतात. तड्यातून ऑक्सिजन आत आला की त्यापासून बोरिक ऑक्साइड बनते. ते सुमारे ४५० अंशांवर वितळते आणि पातळ काचेच्या रूपाने तड्यात पसरून तो बुजविते. येथेही आक्रमण करणाऱ्या ऑक्सिजनाकडूनच संरक्षणाचे काम करवून घेतलेले आहे.

तथापि बोरिक ऑक्साइडाची मर्यादाही स्पष्ट आहे. सुमारे १,००० अंशांच्या वर ते वेगाने उडून जाऊ लागते, आणि पाण्याच्या वाफेच्या सान्निध्यात तर त्याहून कमी तापमानातच बाष्परूप संयुगे बनवून ते नाहीसे होते. म्हणून खालच्या तापमानासाठी बोरॉनाची काच, मधल्या तापमानासाठी बोरॉन व सिलिकॉन यांची मिश्र काच आणि वरच्या तापमानासाठी सिलिका, अशी कामाची वाटणी करावी लागते. चांगला लेप एकच एक पदार्थ नसतो; ती अनेक थरांची साखळी असते, आणि त्यातील प्रत्येक थर दुसऱ्या थराच्या उणिवेची भरपाई करतो. १,७०० अंशांपलीकडे सिलिकाही वितळून पातळ होते. तेथे झिर्कोनियम व हाफ्नियम यांच्या बोराइडांचा आश्रय घ्यावा लागतो.

७. भारतातील एक उदाहरण

या सर्व विवेचनाचे एक उत्तम उदाहरण भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या कार्यात सापडते. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यात दोन इंजिने असतात. त्यांची नोझले नायोबियम या धातूच्या मिश्रधातूची बनविलेली असतात. त्यांऐवजी कार्बन-कार्बन संमिश्राचे नोझल तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राने तयार केल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये करण्यात आली. या नोझलावर सिलिकॉन कार्बाइडाचा ऑक्सिडीकरणरोधक लेप आहे. महेंद्रगिरी येथे १९ मार्च २०२४ रोजी त्याची ६० सेकंदांची, आणि २ एप्रिल २०२४ रोजी २०० सेकंदांची तप्त चाचणी झाली. दुसऱ्या चाचणीत तापमान १,२१६ केल्व्हिन, म्हणजे सुमारे ९४३ अंश सेल्सिअस इतके पोचले. नोझलाच्या वजनात सुमारे शेकडा ६७ इतकी घट होऊन अग्निबाणाची वहनक्षमता १५ किलोग्रॅमने वाढेल, असे संस्थेने सांगितले आहे.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. चौथा टप्पा पेटतो तो वातावरणाच्या बाहेर. तेथे हवाच नसेल तर ऑक्सिडीकरणाचे भय कशाचे? याचे उत्तर असे की, ऑक्सिजन बाहेरून येत नाही, तो आतून येतो. इंधनाच्या ज्वलनातून निघालेल्या वायूत पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड असतात, आणि तप्त कार्बन या दोहोंतूनही ऑक्सिजन हिरावून घेतो. शिवाय ९४३ अंश हे तापमान वर वर्णन केलेल्या मधल्या पट्ट्यातच मोडते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

८. पाऊस, जस्त आणि सूक्ष्म छिद्रे

लेपाचे शत्रू केवळ भट्टीतच असतात असे नाही. अमेरिकेच्या अवकाशविमानांच्या पंखांच्या पुढील कडा व नासिका या कार्बन-कार्बन संमिश्राच्या होत्या. ॲल्युमिना, सिलिकॉन व सिलिकॉन कार्बाइड यांच्या चूर्णात पुरून व आर्गॉन वायूत तापवून त्यांच्या बाहेरील थराचेच सिलिकॉन कार्बाइडात रूपांतर केलेले असे. नंतर तडे बुजविण्यासाठी सिलिकेची व सोडियम सिलिकेटाची पुटे दिलेली असत. १९९२ च्या सुमारास या कडांवर टाचणीच्या टोकाएवढी सूक्ष्म छिद्रे आढळू लागली. शोधाअंती त्यांचे मूळ प्रक्षेपणस्थळाच्या पोलादी सांगाड्यावरील जस्तयुक्त रंगात सापडले. समुद्रकाठच्या पावसाने तो रंग धुऊन जस्ताची संयुगे कडांवर ठिबकत, आणि परतीच्या प्रवासात कडा तापल्या की ती रक्षक काचेशी संयोग पावून तिला भोक पाडीत. पोलादाला गंजापासून वाचविण्यासाठी लावलेला रंग कार्बनाच्या नाशास कारण झाला. एका वस्तूचे संरक्षण हे शेजारच्या वस्तूचे आक्रमण ठरू शकते, हा यातील बोध होय.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे यान परतीच्या वाटेवर भंगले, आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. १६ जानेवारीच्या उड्डाणात बाहेरील टाकीवरील फेसाचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळून तेथे भोक पडले होते, हे त्या अपघाताचे कारण होय. ऑक्सिडीकरण हे त्याचे कारण नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत करता कामा नये. परंतु चौकशी मंडळाने केलेल्या शिफारशींत दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. एक, प्रक्षेपणस्थळाच्या सांगाड्याची निगा सुधारून जस्तयुक्त रंगाचा झिरपा कमी करावा. आणि दुसरी, या संमिश्राच्या सर्व भागांचे बळ, त्यांना न मोडता तपासण्याची परिपूर्ण योजना आखावी. केवळ डोळ्यांनी पाहून या पदार्थाची खरी अवस्था कळत नाही, ही गोष्ट येथे अधिकृतपणे मान्य झाली.

९. वाफेचे आव्हान

कार्बन तंतूंच्या जागी सिलिकॉन कार्बाइडाचे तंतू, आणि आधारद्रव्यही सिलिकॉन कार्बाइडाचेच, असे संमिश्र घेतले तर वस्तू स्वतःच स्वतःचे रक्षण करील, असे प्रथमदर्शनी वाटते. २०१६ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ‘लीप’ या जेट इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनभोवतीचे कडे अशा संमिश्राचे आहे. मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या बोइंग ७३७ मॅक्स जातीच्या प्रत्येक विमानास हीच इंजिने असतात. तेव्हा हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

परंतु येथेही दोन अडचणी उद्भवतात. संमिश्र ठिसूळ होऊ नये म्हणून तंतू व आधारद्रव्य यांची जोड मुद्दाम थोडी सैल ठेवावी लागते, आणि त्यासाठी तंतूंवर बोरॉन नायट्राइडाचे अत्यंत पातळ वेष्टन देतात. तडा गेला की त्यातून ऑक्सिजन या वेष्टनापर्यंत पोचतो, त्याची काच बनते आणि ती काच तंतूला आधारद्रव्याशी घट्ट चिकटवून टाकते. सुमारे ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान, म्हणजे पुन्हा त्या मधल्याच पट्ट्यात, ही व्याधी विशेष जडते. जे द्रव्य कार्बनाच्या तड्यात औषध ठरले, तेच येथे अपाय करते.

दुसरी अडचण पाण्याच्या वाफेची. जेट इंजिनातील वायूत सुमारे एक दशांश भाग वाफ असते, आणि ती दाबाखाली मोठ्या वेगाने वाहते. तप्त सिलिका तिच्याशी संयोग पावून सिलिकॉन हायड्रॉक्साइडाच्या रूपाने उडून जाते. रक्षक थर एका बाजूने बनत राहतो आणि दुसऱ्या बाजूने नाहीसा होत राहतो. परिणामी वस्तू हळूहळू पातळ होते. म्हणून अशा भागांवर सिलिकॉनाचा पातळ थर व त्यावर यिटर्बियमसारख्या विरळ मृदाधातूंच्या सिलिकेटांचा लेप देतात. त्यांचे प्रसरण सिलिकॉन कार्बाइडाच्या प्रसरणाशी बरेचसे जुळते, आणि वाफेलाही ती सहज वश होत नाहीत.

१०. जांभ्याचा मार्ग

आतापर्यंतचे सर्व उपाय जळणाऱ्या पदार्थास जळू न देण्याचे होते. याहून निराळा मार्ग असा की, जे आधीच जळून गेले आहे त्याचेच तंतू करावे. चंदगडच्या पठाराने निसर्गतः जे केले, तेच येथे बुद्धिपुरस्सर करावयाचे. बॉक्साइटापासून मिळणारे ॲल्युमिना हे ॲल्युमिनियमचे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले रूप होय. ते सुमारे २,०५० अंशांवर वितळते, आणि ऑक्सिजन त्याचे काहीही बिघडवू शकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात आलेले आहे, ही गोष्ट या भागातील लोकांस परिचित आहे. तेथील ॲल्युमिना आणि तंतूंसाठी लागणारे अतिशुद्ध ॲल्युमिना यांत शुद्धतेचे व प्रक्रियेचे मोठे अंतर आहे हे खरे; परंतु द्रव्य एकच.

ॲल्युमिनाचे तंतू व ऑक्साइडाचेच आधारद्रव्य असलेली संमिश्रे जेट इंजिनांच्या निष्कासभागात वापरली जाऊ लागली आहेत. मग सर्वत्र हाच मार्ग का स्वीकारू नये? कारण येथे दुसऱ्या रूपाने किंमत द्यावी लागते. सुमारे १,००० ते १,२०० अंशांच्या पलीकडे तंतूंतील सूक्ष्म स्फटिक वाढू लागतात आणि भाराखाली तंतू हळूहळू लांबतात. वितळण्याच्या कितीतरी आधी ते थकतात. कार्बन जळतो पण थकत नाही. ॲल्युमिना थकते पण जळत नाही. निवड करावयाची ती या दोन मर्यादांमधून.

११. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, उच्च तापमानातील संरक्षण म्हणजे ऑक्सिजनास पूर्ण मज्जाव नव्हे. बहुतेक यशस्वी लेप ऑक्सिजनास थोडा वाटा देतात, आणि त्या मोबदल्यात काचेची एक पातळ भिंत मिळवितात. दुसरी अशी की, कमाल तापमानाचा आकडा पदार्थाची पूर्ण परीक्षा करीत नाही. १,६०० अंशांस टिकलेली वस्तू ७०० अंशांस निकामी होऊ शकते; म्हणून तापण्याचा व निवण्याचा सर्व मार्ग, वाफेचे प्रमाण, क्षारांचा स्पर्श आणि वस्तूच्या शेजारी काय आहे या सर्वांची चौकशी आवश्यक ठरते. तिसरी गोष्ट तपासणीची. ज्या पदार्थाचा क्षय आतून होतो व बाहेरून दिसत नाही, त्याच्या बाबतीत रूपावर विसंबणे म्हणजे त्यावर बसणाऱ्या माणसांचे प्राण नशिबावर सोडणे होय. वजनातील घट, ध्वनिलहरींचा वेग, विद्युत्‌रोध अशा अप्रत्यक्ष खुणांवरून आतील स्थितीचे अनुमान करण्याच्या पद्धती जितक्या अचूक होतील, तितकाच लेपांवरील विश्वास सार्थ ठरेल.

पदव्युत्तर अभ्यासकांस या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते सर्वच मोठ्या यंत्रसामग्रीवर अवलंबून नाही. एक साधी भट्टी, एक अचूक तराजू आणि कार्बनाचे काही नमुने एवढ्या साधनांनी सुद्धा क्षयाचे टप्पे आणि क्षारांचा उत्प्रेरक प्रभाव यांचा काटेकोर अभ्यास करता येतो. निखारा किती वेळ टिकतो हे घरातील बाईस अनुभवाने ठाऊक असे. तो तितकाच वेळ का टिकतो, आणि त्याहून अधिक कसा टिकविता येईल, हे मोजून सांगणे हे विद्यापीठाचे काम होय.